पाहुण्यांची कबड्डी

आमच्या भागातल्या हायस्कुलांचं एक क्रीडा मंडळ आहे. मंडळ म्हणजे काय, तर पाच-सहा शाळा, तितकेच खेळशिक्षक आणि एक पत्र्याची पेटी. पेटीत शिट्ट्या, सुतळीचे गुंडे, लेझमाच्या दोन तुटक्या जोड्या आणि कुणा मुंबईकराने कधीकाळी दिलेला पितळी करंडक. नोंदणी नाही, कार्यालय नाही. ज्याच्या गावी स्पर्धा, तो त्या वर्षीचा अध्यक्ष, आणि पेटी पुढच्या वर्षापर्यंत त्याच्याच शाळेत धूळ खाणार.

सरकारी शालेय स्पर्धा येतात नेमक्या पावसाळ्यात. घाटावरच्या शाळांना त्यात काही वाटत नसेल. आमच्याकडे तेव्हा सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरचा, कातळ शेवाळलेला असतो आणि खालच्या मळ्यांत भात उभं असतं. मग मुलींनी सराव करायचा कुठे, वर्गातल्या बाकांवर? तालुक्याला जायचं, पहिल्याच फेरीत हरायचं, ओले कपडे पिशवीत कोंबायचे आणि यष्टीने परत यायचं, असं वर्षानुवर्षं चालायचं. शेवटी माझ्या आधीच्या कुणा मास्तरांनी वैतागून ठरवलं की भातं कापून झाली की आपली आपण स्पर्धा घ्यायची. त्यांचे मी मनोमन फार आभार मानते. शिक्षण खात्याचे मानायची वेळ अजून आलेली नाही.

प्रत्येक शाळेची मुलं आपल्या जमिनीसारखी खेळतात. सड्यावरच्या शाळेची पोरं जांभ्या दगडावर वाढलेली, त्यांच्या गुडघ्यांना खरचटल्याचं काही वाटतच नाही. वेळणेश्वरच्या बाजूची शाळा वाळूत सराव करते, म्हणून त्या मुली कडक जमिनीवर पहिल्यांदा आपटल्या की जमिनीकडे अशा रागाने बघतात की मला हसू येतं. खाडीकाठच्या उर्दू शाळेतल्या मुली पळायला लागल्या की त्यांच्यामागे फक्त त्यांच्या ओढण्या असतात. नदीपलीकडची शाळा सगळ्यांत मोठी, कबड्डीत सगळ्यांत तयार, आणि तिचे खेळशिक्षक सगळ्यांत हेकट. माझी शाळा नदीअलीकडे, डोंगराच्या पोटाशी, सगळ्यांत लहान. तिचे गुण मी सांगत बसत नाही, कारण त्या शाळेबद्दल मी निष्पक्ष बोलू शकत नाही.

माझा स्वभाव तापट आहे. मुली मला पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि त्यात फारसं चुकीचं नाही. नदीपलीकडच्या सरांशी माझं दरवर्षी वाजायचं. कधी पंचावरून, कधी रेषेवरून, एकदा तर चहा कोणी आधी घ्यायचा यावरून. दोघांचीही डोकी सारखीच तापायची, म्हणून बहुतेक आमचं वर्षानुवर्षं टिकलं.

गेल्या हिवाळ्यातली स्पर्धा त्यांच्याच गावी होती. त्याच्या आधी दिवाळीच्या सुट्टीत आम्हाला कळलं होतं की पट कमी म्हणून आमची शाळा जूनपासून बंद होणार आणि मुलं नदीपलीकडच्या शाळेत जाणार. माझी रवानगी कुठे होणार ते कुणालाच माहीत नव्हतं. गावात थोडी रडारड झाली, मुंबईकरांचे फोन आले, एक अर्ज गेला, आणि मग सगळे भात झोडायला लागले. अशा गोष्टींची आम्हाला सवय होत चालली आहे, आणि ती सवय झाल्याचाच मला जास्त राग येतो.

मुली मात्र वेगळाच हिशेब करत होत्या. माझी कप्तान तेव्हा नववीत होती. बुटकी, मजबूत बांध्याची, बोलायला कंजूष. वडील मुंबईत एका कँटीनमध्ये आणि ही आईबरोबर शेतात. ती एक दिवस मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, म्हणजे पुढच्या वर्षी मी तिच्याच संघात?"

ती म्हणजे नदीपलीकडची एक उंच मुलगी. दोघी एकाच इयत्तेतल्या. ही उंच मुलगी चढाईला आली की पाय इतका लांब टाकायची की आपण सुरक्षित आहोत असं वाटेपर्यंत तिने आपल्याला बाद केलेलं असायचं. दोन वर्षं माझी कप्तान तिचा घोटा पकडायला बघत होती आणि दोन वर्षं तिच्या हाती नुसती माती येत होती.

"हो," मी म्हटलं, "आता एकाच बाजूने खेळाल. बरंच आहे की."

"बरं कसं?" ती म्हणाली. "मग मी तिला पकडणार कधी?"

होती ती एकच संधी, हिवाळ्यातली. तेव्हापासून ही पोरगी शाळा सुटल्यावर एकटी घोटा पकडायचा सराव करायची. कुणी मिळालं नाही तर व्हरांड्याच्या खांबाला मिठी मारायची.

आमच्या मंडळाची एक रीत आहे, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाहेरगावचे संघ आदल्या संध्याकाळी येतात आणि यजमान गावातल्या घरांमध्ये वाटून राहतात. शाळेत सतरंज्यांवर झोपवायची पद्धत आमच्याकडे नाही, ते गावाला कमीपणाचं वाटतं. आणि वाटणीही आम्ही शिक्षक करत नाही. गावातल्या बायका शाळेच्या पायऱ्यांपाशी उभ्या राहतात आणि टेम्पोतून मुली उतरल्या की बाजारात भाजी निवडावी तशा निवडतात. बारकी दिसणारी मुलगी सगळ्यांत आधी जाते, कारण तिला चार घास घालायची प्रत्येकीला घाई. त्या संध्याकाळी माझ्या कप्तानाच्या दंडाला धरून एक उंचशी बाई म्हणाली, "ही माझी. चल गो." चालायची ढब बघूनच मी ओळखलं, ही त्या उंच मुलीची आई.

दुसऱ्या दिवशी सामने असताना आदल्या संध्याकाळी हलकं जेवा, असं मी दरवर्षी ओरडून सांगते आणि दरवर्षी माझा आवाज वाया जातो. घराघरांत कोंबडी-वडे झाले होते. सकाळी मुली आल्या त्या डुलत. "काय खाल्लंत गो?" विचारलं तर एक म्हणाली, "बाई, नको म्हटलं की त्यांना वाईट वाटतं." मी स्वतः त्या हेकट सरांच्या घरी उतरले होते आणि त्यांच्या बायकोने केलेली सोलकढी तीनदा मागून प्यायले होते, त्यामुळे जास्त बोलता आलं नाही.

मैदान बाकी देखणं झालं होतं. कापणी झालेल्या मळ्यातला एक चौकोन घेऊन भाताची धसकटं उपटलेली, पाणी मारून माती चोपण्याने चोपलेली आणि वरून शेणाने सारवलेली. आपल्या दारातलं खळं करावं तसंच ते बायकांनी मिळून केलं होतं. रेषा राखेच्या. अशा मैदानावर पडलं तर लागतं, पण पडलेलं माणूस चटकन उठतं. चटईवरची कबड्डी मी पाहिली आहे, ती मला दिवाणखान्यातली वाटते.

सकाळचे सामने आमच्या मुली बऱ्या खेळल्या. सड्यावरच्या शाळेला हरवलं, वाळूवाल्यांना जेमतेम हरवलं, खाडीवाल्यांकडून आम्ही हरलो आणि ते नदीपलीकडच्यांकडून आणि वाळूवाल्यांकडूनही हरले. दुपारी करंडक ठरवणारा शेवटचा सामना उरला तो आमचा आणि यजमानांचा. बांधावर सगळं गाव बसलं होतं. पंच म्हणून खाडीकाठच्या शाळेचे सर उभे राहिले, कारण त्यांच्यावर माझा आणि हेकट सरांचा दोघांचाही विश्वास होता. असा दुसरा माणूस मंडळात नाही.

पहिल्या डावात आम्ही सुटलोच. उंच मुलगी चढाईला आली आणि माझ्या कप्तानाने तिला सहज पकडलं. दुसऱ्यांदा आली, परत पकडली. आठवीतली आमची एक चिमणीएवढी मुलगी, जिने आजवर कुणाला धरलं नव्हतं, तिनेही त्यांची एक दांडगी मुलगी धरून ठेवली. आम्ही त्यांच्यावर लोण चढवला, म्हणजे त्यांचा सगळा संघच बाद केला. मी टाळ्या पिटत होते, ओरडत होते. बांधावरच्या बायकाही आमच्यासाठी टाळ्या वाजवत होत्या. किती मोठ्या मनाचं गाव, असं माझ्या मनात आलं. मोठ्या मनाचंच होतं, पण माझ्या कल्पनेपेक्षा जरा जास्तच.

मध्यंतराची शिट्टी झाली. मुली नाचत आल्या. कप्तान मात्र मागून एकटी आली, हात झटकत, तोंड कडू करून.

"काय झालं?" मी विचारलं. "पकडलीस की तिला."

"बाई," ती हळू म्हणाली, "ती पाय देतेय."

"म्हणजे?"

"मी धरायच्या आधी तिचा पाय थांबतो. दोन्ही वेळा. मला तिचा पाय ठाऊक हाय, तो असा थांबत न्हाय."

आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. या मुलीला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, शाळा बंद होणार कळलं त्या दिवशीही नाही.

माझा पारा चढायला एरवीही वेळ लागत नाही. मी मैदान ओलांडून थेट हेकट सरांसमोर गेले आणि म्हटलं, "आमच्या मुली भिकेला लागलेल्या नाहीत. तुमच्या मुलींना नीट खेळायला सांगा, नाहीतर मी संघ घेऊन चालले."

सर लालबुंद झाले. "काय बोलता बाई? माझ्या मुली हरायला खेळत नाहीत. मीच मघापासून विचारतोय यांना काय झालंय म्हणून." ते खरं बोलत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा संताप मी इतकी वर्षं जवळून पाहिला आहे, खोटा असता तर मला कळला असता. त्यांनी आपल्या मुलींकडे वळून विचारलं, "काय गं?" सातही जणी आपापल्या पायांच्या बोटांकडे बघू लागल्या. शेवटी ती उंच मुलगी म्हणाली, "आई म्हणाली तसं खेळ म्हणून."

मग उलगडा झाला. आदल्या दिवशी मैदान सारवताना बायकांनी आपसात ठरवलं होतं. पोरींची शाळा जाणार, हा त्यांचा शेवटचा सामना, तर करंडक त्यांना जाऊ दे. प्रत्येक आईने घरी आपल्या मुलीला बजावलं होतं. सरांना सांगायचं नाही हेही ठरलं होतं, कारण ते ऐकणार नाहीत. आम्ही खेळशिक्षक पंचावरून भांडतो, नियमांचा कीस काढतो, आणि सामन्याचा निकाल असा शेणाच्या पाट्या उचलता उचलता लागला होता.

मी बांधापाशी गेले. मागे माझी कप्तान. त्या बायकांपैकी एकीलाही आपलं काही चुकलं असं वाटत नव्हतं. उंच मुलीची आई पदर सावरत उठली आणि म्हणाली, "बाई, एवढ्यासाठी वरडताय कशाला? पोरी आमच्यात जेवल्या, आमच्यात निजल्या. त्यांची शाळा पन जातेय. घरी आलेल्या पाव्हनीला हरवून धाडायचं, हे काय बरं दिसतं?"

मी आयुष्यभर पक्षपाती पंचांशी भांडले, वयचोर खेळाडू पकडून दिले, पण पाहुणचाराशी कसं भांडायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्या बाईचा राग यावा असं तिच्यात काहीच नव्हतं, आणि तरी तिच्या मायेने माझ्या पोरीचं दोन वर्षांचं स्वप्न पार मातीत घातलं होतं.

बोलली ती माझी कप्तान. "काकी, काल तुम्ही मला वाढलंत, ते अर्ध्या पोटाचं वाढलंत काय?"

"न्हाय गो," ती बाई दचकून म्हणाली. "असं का विचारतेस? कमी पडलं काय?"

"कमी न्हाय पडलं. पोटभर वाढलंत. मग हिला पन सांगा, पोटभर खेळ म्हणून. मला तिला पकडायची हाय. ती स्वतःहून हातात येत असेल तर मी काय पकडली?"

ती बाई माझ्या कप्तानाकडे बघत राहिली, मग आपल्या लेकीकडे. लेकीचा चेहरा बघून तिला काहीतरी समजलं असावं, कारण त्या उंच मुलीलाही पहिला डाव किती जड गेला होता ते तिथे उभ्या असलेल्या कुणालाही दिसलं असतं. आई म्हणाली, "खेळ बाय तुझ्या मनासारखं. माझं ऐकू नको." आणि पदर तोंडाला लावून खाली बसली.

आता प्रश्न पहिल्या डावाच्या गुणांचा. कप्तान म्हणाली, "ते काढून टाका. पहिल्यापासून खेळू." पंच सर म्हणाले, असा काही नियम नाही. हेकट सर म्हणाले, नियम नसेल तर आता करू, आपले नियम लिहून कुठे ठेवले आहेत? त्यांनी माझ्या बाजूने बोलण्याची ही पहिलीच वेळ होती आणि मी इतकी गोंधळले की आभार मानायचे राहिले. माझ्याच काही मुली कुरकुरल्या, कारण हातात आलेली आघाडी कोण सोडतं? ती आठवीतली चिमणी तर मुसमुसायला लागली. तिची पहिलीच पकड होती आणि तीही खोटी निघाली. कप्तान तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "परत पकड. कशी धरायची ते आता तुला ठाऊक झालं."

मग जी कबड्डी झाली तशी मी मंडळात बघितली नाही. नदीपलीकडच्या मुली जणू मघापासून बांधून ठेवल्या होत्या आणि आता सोडल्या. पहिल्याच चढाईत उंच मुलीने आमच्या दोघींना बाद केलं, त्यात एक माझी कप्तान. ती बाहेर बसली आणि हसत होती. बाद झालेला खेळाडू हसताना बघून मी एरवी दोन शब्द ऐकवते. त्या दिवशी मला बोलावंसंच वाटलं नाही. आम्ही मागे पडलो, थोडे जवळ आलो, परत मागे पडलो. चिमणीने खरोखरच एकीला धरलं, पण मध्यरेषेच्या चार बोटं अलीकडे सोडलं. बांधावरच्या बायका आता गप्प होत्या. आपल्या मुलींसाठी टाळ्या वाजवायची त्यांना लाज वाटत होती आणि आमच्यासाठी वाजवायची सोय उरली नव्हती.

शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा आमचं जिंकणं संपलेलं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. उंच मुलगी चढाईला आली. माझी कप्तान कोपऱ्यात, गुडघ्यात वाकलेली. तो लांब पाय आला, आणि या वेळी थांबला नाही. कप्तानाने स्वतःला जमिनीवर झोकून दिलं आणि घोटा धरला. दोन्ही हातांनी धरला. उंच मुलगी कोसळली, पण वळून मध्यरेषेकडे सरपटू लागली, कोपरांवर, हनुवटीवर, जसं जमेल तसं. बाकीच्या मुली पोचेपर्यंत ती अर्ध्यावर गेली होती. तिच्यामागे घोट्याला लटकलेली माझी कप्तान फरफटत होती, सारवलेल्या मातीवर पोटाने रेघ ओढत. उंच मुलीच्या तोंडून 'कबड्डी, कबड्डी' अजून तुटलं नव्हतं. मी ओरडत होते की नव्हते मला आठवत नाही. शाळा, बदली, जून महिना, यातलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. ही पोरगी सुटू नये एवढंच मी मागत होते, आणि कोणती पोरगी ते विचारलं असतं तर नेमकं सांगता आलं नसतं.

उंच मुलीची बोटं मध्यरेषेला लागली. पंच सरांनी हात वर केला. गुण त्यांचा.

सामना संपला तरी माझ्या कप्तानाने घोटा सोडलेला नव्हता. उंच मुलगीच म्हणाली, "सोड गो आता." मग तिने सोडला.

करंडक यजमानांकडेच राहिला. हेकट सरांनी तो घेताना माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही त्यांच्याकडे बघितलं नाही, कारण आम्हा दोघांचेही डोळे त्या वेळी बघण्यासारखे नव्हते. संध्याकाळी आमचा टेम्पो लागला. बायका पिशव्या घेऊन आल्या. कुणी घावणे बांधून दिले, कुणी कोकमं, कुणी पोह्याचे पापड. हरवून धाडायची चूक झालीच होती, निदान रिकाम्या हाताने धाडायचं नाही, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. उंच मुलीच्या आईने माझ्या कप्तानाच्या मांडीवर एक डबा ठेवला आणि म्हणाली, "जूनमध्ये ये गो. डबा तेव्हा आन."

टेम्पो सुरू होणार इतक्यात ती उंच मुलगी लंगडत आली. माझ्या कप्तानासमोर उभी राहिली, पँटचा पाय वर केला आणि पाय टेम्पोच्या फळीवर ठेवला. घोट्याभोवती लाल वळ उठले होते.

"बघ," ती म्हणाली.

माझी कप्तान वाकली. आपली बोटं एकेक करून तिने त्या वळांवर ठेवली, प्रत्येक बोट कुठे बसतं ते नीट बघितलं.

"माझीच हायत," ती म्हणाली.